उशिरा येणारी गोडी

"डोळे बांधा, कान बांधा, हवं तर हातपाय बांधून खुर्चीत टाका! फक्त जीभ मोकळी ठेवा. पांढरी साखर कुठली, गूळ कुठला आणि मध कुठला, ते मी झोपेतसुद्धा सांगेन!"

बिस्किटांच्या त्या कारखान्यात चाखेसाहेबांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. चाखे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का! खरं आडनाव निराळंच होतं, पण ते आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कारखान्यात होणाऱ्या प्रत्येक नव्या बिस्किटाचा पहिला घास त्यांचा, म्हणून ते चाखेसाहेब. शेजारीपाजारी त्यांना चाखेसाहेब म्हणायचे, दूधवाला चाखेसाहेब म्हणायचा, आणि फारच संतापली तर बायकोसुद्धा "अहो चाखे!" अशी हाक मारायची.

पांढऱ्या साखरेवर त्यांचा विशेष राग. "पांढरी साखर म्हणजे धुऊन धुऊन रंग गेलेलं कापड! गोड आहे, नाही असं नाही. पण त्यापलीकडे तिच्याजवळ सांगण्यासारखं काय आहे? गूळ कसा बोलतो! मध कसा गुणगुणतो!" असं ते डोळे मिटून सांगत, आणि ऐकणाऱ्यालाही क्षणभर मधाचं गुणगुणणं ऐकू येई.

एका व्यक्तीला मात्र ते कधीच ऐकू आलं नाही. ती म्हणजे कारखान्याच्या भांडारप्रमुख बाई. "माझ्या भांडारात कुणी बोलत नाही नि कुणी गुणगुणत नाही," त्या म्हणायच्या. "गूळ पाझरतो, मध थिजतो आणि साखर बिचारी गुमान पडून असते. आणि पोटात गेल्यावर सगळी सारखीच!" दुसरं कुणी असतं तर चाखेसाहेबांनी त्याला तासभर सुनावलं असतं. पण इथे हात बांधलेले! कारण या बाई त्यांच्या मुलीच्या सासूबाई होत्या. म्हणजे साक्षात विहीणबाई!

आता तुम्हाला वाटेल, झालं, विहीणबाई म्हणजे आता भांडण. तसं मुळीच नव्हतं. बाई सरळ, कामाला चोख, सुनेला लेकीसारखं वागवणाऱ्या. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि त्या विचारानं त्यांचा जीव अर्धा झाला होता. घरी बसून करायचं काय? म्हणून चाखेसाहेबांनी मोठ्या मनानं शब्द टाकला. कारखान्यात चाखणी मंडळ नावाची एक पाचसहा जणांची समिती होती. तिच्यावर निवृत्त माणसालाही घेता येत असे. एक चाखणी करून दाखवायची, जीभ शाबूत आहे हे पटवायचं, की खुर्ची कायमची! विहीणबाई एवढ्या आनंदल्या, की त्या दिवशी त्यांनी सुनेला चारचारदा विचारलं, "तुझ्या बाबांना काय देऊ गं?"

आणि चाखणीही साधीसुधी नव्हे! व्यवस्थापकांच्या डोक्यात नवं बिस्किट घोळत होतं. हल्ली लोकांना पांढरी साखर नको असते, तेव्हा कमी प्रक्रिया केलेलं काहीतरी घालायचं. पांढरी साखर, कच्ची तपकिरी साखर, गूळ, मध, अशी वेगवेगळी बिस्किटं भाजायची, त्यांना नुसते आकडे द्यायचे, आणि मंडळानं चाखून सांगायचं की कुठलं चांगलं आणि त्यात काय आहे. चाखणीच्या खोलीत लाल दिवे असत. कारण पांढऱ्या उजेडात तपकिरी बिस्किट बघितलं, की जीभ बोलायच्या आधी डोळेच "गूळ! गूळ!" म्हणून ओरडतात. लाल उजेडात सगळी बिस्किटं सारखी. आणि या मंडळाची एक रीत होती. चाखून झालं की पहिले बोलायचे ते चाखेसाहेब. मग बाकीचे. हा त्यांचा मान होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

चाखणीच्या दिवशी, गुरुवारी सकाळी चाखेसाहेबांना वाटलं, जरा सराव करावा. विहीणबाई समोर असणार, उगाच डावंउजवं नको. त्यांनी गॅसवर पातेलं ठेवून त्यात गुळाचा पाक केला, चमचा बुडवला आणि तसाच तोंडाकडे नेला.

"अहो, फुंकर तरी मारा!" बायको म्हणाली.

"फुंकर मारली की वास उडतो! तुला नाही कळायचं त्यातलं!"

पुढे जे झालं ते सांगायला नकोच. साधं पाणी असतं तर भाजून निघून गेलं असतं, पण पाक तो! तो जिभेला असा चिकटला की ओरडायलाही जीभ सुटेना. चाखेसाहेब स्वयंपाकघरात दोन्ही पायांवर नाचले, नळाखाली तोंड घातलं, बर्फाचा खडा गालात धरला. पाक निघाला, पण चवही त्याच्याबरोबर निघून गेली. बायकोनं मीठ दिलं, कळलं नाही. लोणच्याचा खार दिला, कळला नाही. तोंडात जिभेऐवजी कुणीतरी चपलेचा तळवा बसवला होता.

"आज रजा टाका," बायको म्हणाली.

"आणि कारण काय शांगू?" चाखेसाहेब बोबडे झाले होते. "चाखणाऱ्याची जीभ चमच्यानं भाजली? शगळा कारखाना हशेल!"

"तुमच्याकडून चूक झाली तर?"

"चूक? माझ्याकडून? अगं, माझे दातशुद्धा चव शांगतील!"

हाच तो गर्व, ज्यानं पुढे त्यांना कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

तर चाखणी सुरू झाली. लाल उजेड. टेबलाभोवती व्यवस्थापक, भट्टीवाले दादा, विक्री विभागाचे दोघं आणि विहीणबाई. विहीणबाईंनी नवी साडी नेसली होती आणि परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर घट्ट धरले होते. प्रयोगशाळेच्या बाईंनी बशा मांडल्या आणि त्या लगेच गावाला निघून गेल्या. बहिणीकडे काही कार्य होतं. कुठल्या आकड्यात काय, हे फक्त त्यांनाच ठाऊक, आणि त्या सोमवारी परत येऊन सांगणार होत्या.

चाखेसाहेबांनी पहिला तुकडा तोंडात घातला. काही नाही! दुसरा घातला. काही नाही! तिसरा, चौथा, पाचवा... सगळा पुठ्ठा! कपाळावर घाम आला. पण इतकी वर्षं माती खाल्लेली नव्हती, बिस्किटंच खाल्ली होती. त्यांनी हिशेब मांडला. साखरेचं बिस्किट कुरकुरीत होतं. गूळ ओल धरतो, म्हणून गुळाचं बिस्किट मऊ. म्हणजे चव गेली खड्ड्यात, दातांना विचारा! त्यांनी पुन्हा एकेक तुकडा चावला. चारशे सतरा नंबरचं सगळ्यांत मऊ होतं. कुरकुर म्हणून नाही. सापडला! हाच गूळ!

चाखेसाहेब खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटले.

"चारशे शतरा," ते सावकाश म्हणाले. जीभ जड होती म्हणून सावकाश, पण लोकांना ते गांभीर्य वाटलं. "गूळ. उत्तम गूळ. याची गोडी आल्या आल्या अंगावर येत नाही. ही उशिरा येणारी गोडी आहे."

"उशिरा येणारी!" व्यवस्थापकांनी टेबलावर थाप मारली. "अगदी बरोब्बर! मला शब्द सापडत नव्हता!"

"मला तर मागाहून किंचित धूर लागला," भट्टीवाले दादा म्हणाले. "चुलीवरचा."

"शेतात उभं राहून खातोय असं वाटलं," विक्रीवाल्यांपैकी एक म्हणाला. दुसऱ्याचे तर डोळेच पाणावले.

राहिल्या विहीणबाई. त्यांनी पुन्हा एक तुकडा घेतला, चावला, थांबल्या. "मला... माझंच चुकत असेल. पण मला यात गोडच लागत नाहीये. नुसतं पीठ भाजल्यासारखं लागतंय."

सगळे चाखेसाहेबांकडे बघू लागले. आता इथे थांबता आलं असतं, नाही का? "पुन्हा बघू" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण समोर विहीणबाई, आजूबाजूला सगळा कारखाना, आणि तोंडात चपलेचा तळवा! चाखेसाहेब हसले. आणि हात उंचावून धीर दिल्यासारखं हसले!

"होतं अशं, विहीणबाई. पांढऱ्या शाखरेची शवय लागलेल्या जिभेला ही गोडी कळायला वेळ लागतो."

विहीणबाईंनी तिसऱ्यांदा तुकडा घेतला. डोळे मिटून किती तरी वेळ चघळला. मग हळूच म्हणाल्या, "नाही लागत हो."

व्यवस्थापक मऊ आवाजात म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. वयाबरोबर जीभ जड होते. मंडळाचं राहू द्या आता." विहीणबाई उठल्या, पदर सावरला आणि खुर्ची आवाज न करता टेबलाखाली सारून निघून गेल्या.

चाखेसाहेबांना थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. गूळ ओळखल्याचा आनंद मोठा होता! चारशे सतराची दोन बिस्किटं रुमालात बांधून त्यांनी घरी नेली. बायकोनं एक खाल्लं आणि विचारलं, "यात काही घालायचं विसरलेत का हो?"

"तू आणि विहीणबाई, दोघी एका माळेच्या!" असं म्हणून चाखेसाहेब पोट धरून हसले.

शनिवारी सकाळी त्यांची जीभ परत आली. चहाचा घोट घेतला आणि अहाहा, चहा लागला! ताबडतोब त्यांना रुमालातल्या दुसऱ्या बिस्किटाची आठवण झाली. चला, आपणच ओळखलेला तो गूळ आता नीट चाखू या! त्यांनी घास घेतला. वाट पाहिली. अजून वाट पाहिली. उशिरा येणारी गोडी किती उशिरा येईल याला काही मर्यादा असते! गूळ नाही, मध नाही, साखर नाही. नुसतं पीठ. भाजलेलं पीठ.

विहीणबाईंचा एक शब्द चुकला नव्हता.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, इकडे काय चाललंय माहीत आहे का? सासूबाईंचा स्वयंपाकातला धीरच गेलाय. म्हणतात, माझी चव गेली. भाजीत मीठ घातलं की मला बोलावतात, 'बघ गं, नीट आहे का, माझा भरवसा नाही.' काल डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, जीभ ठणठणीत आहे. तर म्हणतात, म्हातारीचं मन राखायला बोलताहेत. बाबा, त्या रडत होत्या हो मोरीत. नळ सोडून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चाखेसाहेबांना वाटलं. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते. धरणीला एवढ्या वर यायला जमलं नाही.

"जा आणि सांगून टाका," बायको म्हणाली.

रविवारी ते गेले. जाताना वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं, 'माझी जीभ भाजली होती.' चार तर शब्द! जिना चढेपर्यंत ते तोंडपाठ होते. दार उघडलं आणि विहीणबाई समोर आल्या. चेहरा उतरलेला. ओट्यावर तीन वाट्या दिसत होत्या, साखरेची, गुळाची आणि मधाची. डोळे मिटून एकेक बोट चाटून बघायचं त्यांचं चाललं होतं.

"व्याही, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मीच येणार होते. तुम्ही माझं नाव सुचवलंत आणि मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला मान खाली घालायला लावली. मला माफ करा."

आता बोला! ती चार शब्दांची गाडी जिन्यातच राहिली. चाखेसाहेबांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं, ते आठवून त्यांचे कान आजही तापतात. ते म्हणाले, "असू द्या. होतं असं."

हे पुरेसं नव्हतं म्हणून की काय, आतून विहीणबाईंचे यजमान उत्साहानं बाहेर आले. "व्याही, तुम्ही खरं निदान केलंत बघा! मी लग्न झाल्यापासून सांगतोय, हिला चव नाही! भाजी कधी खारट, कधी अळणी! माझं कोण ऐकतंय? पण तुमच्यासारख्या जाणकारानं सांगितलं, आता बास!" एरवी याच माणसाला विहीणबाईंनी एका वाक्यात गप्प केलं असतं. त्या दिवशी त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. चाखेसाहेबांनी मान हलवत चहा घेतला. चांगला दोनदा घेतला. आणि घरी आले.

"सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"तसं वातावरण नव्हतं," चाखेसाहेब म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी जेवताना मान वर केली नाही.

सोमवार उजाडला. चाखणीच्या खोलीत आज पांढरे दिवे लागले होते, कारण खुद्द मालक आले होते. व्यवस्थापकांनी शनिवारीच त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि मालकांनीही चारशे सतराचा एक तुकडा खाऊन "वा, उशिरा येते खरी!" असं म्हटलं होतं. प्रयोगशाळेच्या बाई बॅग खांद्यालाच अडकवून आल्या आणि म्हणाल्या, "चारशे सतरा? त्यात काही नव्हतं."

"काही नव्हतं म्हणजे?" व्यवस्थापक.

"काही म्हणजे काही नाही. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. कोरं बिस्किट. यावेळी मी गुपचूप एक कोरं ठेवलं होतं, कोणी उगाच ठोकून देतंय का बघायला. कुणी फसेल असं वाटलं नव्हतं."

विक्रीवाले खिडकीबाहेर बघू लागले. मालकांनी घसा खाकरला. सगळ्यांत आधी सावरले ते व्यवस्थापक. "बाई, तुमच्याकडून अदलाबदल झाली! आम्हा सगळ्यांना गूळ लागला. मालकसाहेबांनाही लागला. गावाला जायच्या घाईत तुम्ही बशा बदलल्यात!"

"हो, हो, घाईच होती," भट्टीवाले दादा म्हणाले. माना डोलू लागल्या. प्रयोगशाळेच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

चाखेसाहेबांना दिसलं की आता फक्त गप्प बसायचं आहे. एवढं केलं की सुटका! नाव शाबूत, मान शाबूत. एक बाई मोरीत नळ सोडून रडली, दुसरी आता इथे रडेल, आणि चाखेसाहेब चाखेसाहेबच राहतील. ते उभे राहिले.

"अदलाबदल झालेली नाही," ते म्हणाले. "माझी जीभ भाजली होती."

"कधी?" मालकांनी विचारलं.

"त्याच दिवशी सकाळी. गुळाच्या पाकानं. मला एकाही बिस्किटाची चव कळली नव्हती. मऊ लागलं म्हणून गूळ म्हटलं."

"अहो, मग ती उशिरा येणारी गोडी?"

"ती अजून आलेली नाही, साहेब."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग भट्टीवाले दादा खाली बघत पुटपुटले, "मला त्या दिवशी सर्दी होती." विक्रीवाल्यांपैकी एकाची दाढ दुखत होती म्हणे. दुसऱ्यानं तर बिस्किट खाल्लंच नव्हतं, बशीखाली सरकवलं होतं! मालकांनी कसलंही कारण दिलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलं नाही.

"थोडक्यात, या खोलीत एकच जीभ जागेवर होती," मालक म्हणाले, "आणि तिला आपण घरी पाठवलं. चाखेसाहेब, तुम्हीच जा आणि बाईंना बोलावून आणा."

भांडार अंगणापलीकडे. एवढंसं अंगण, पण त्या दिवशी ते संपता संपेना. विहीणबाई साखरेच्या पोत्यांमधून फिरत होत्या, निवृत्तीआधीची मोजदाद चालली होती. चाखेसाहेबांनी दारातच सगळं सांगून टाकलं. श्वास न घेता, एका दमात, पाक, पुठ्ठा, मऊपणा, कोरं बिस्किट, सगळं.

विहीणबाई एका पोत्यावर बसल्या. "म्हणजे माझी जीभ ठीक आहे?"

"उत्तम आहे. कारखान्यात एकच ठीक होती."

त्यांनी डोळे पुसले. चाखेसाहेबांना वाटलं, सुटलो. पण त्या अजून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"रविवारी तुम्ही घरी आलात, तेव्हा हे माहीत होतं?"

"हो."

"मी माफी मागितली, तेव्हाही?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

चाखेसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मधाच्या डब्यांकडे पाहिलं. कुणीही मदतीला आलं नाही.

"'असू द्या, होतं असं,' म्हणालो."

"दोनदा चहा घेतलात!" विहीणबाई कडाडल्या. "आणि आमच्या ह्यांनी लग्नापासूनच्या भाज्या काढल्या, तेव्हा मान हलवत होतात!" त्यांचा आवाज अंगणापलीकडे पोचला आणि पुडे बांधणाऱ्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. चाखेसाहेब ऐकत राहिले. बरं वाटत होतं असं नाही म्हणता येणार, पण शनिवारपासूनचं ओझं थोडं हलकं झालं.

मंडळाच्या प्रमुख आता विहीणबाई आहेत. पहिल्या त्या बोलतात, चाखेसाहेब सगळ्यांत शेवटी बोलतात, आणि बहुतेक वेळा "मलाही तसंच वाटलं" एवढंच बोलतात. नव्या बिस्किटात अखेर गूळच घातला, पण पुड्यावर 'यात साखर नाही' असं छापायला विहीणबाईंनी साफ नकार दिला. "गूळ म्हणजे काय भाजी आहे का?" असं त्यांनी मालकांनाच विचारलं.

शिवाय त्यांनी एक नियम केला आहे. चाखणीच्या आधी मंडळातल्या प्रत्येकानं दारात, भरपूर उजेडात थांबायचं आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. बाकीच्यांचं एका नजरेत होतं. चाखेसाहेबांची पाळी आली की विहीणबाई चष्मा पुसतात, डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, "अजून बाहेर काढा" म्हणतात, आणि तोवर पुडे बांधणाऱ्या सगळ्या बायका माना उंचावून उभ्या असतात. मुलीच्या सासूसमोर असा जीभ काढून उभा राहणारा मुलीचा बाप जगात दुसरा कुणी असेल, तर त्याला एकदा भेटावं, अशी चाखेसाहेबांची फार इच्छा आहे.